दोनशे वर्षांचा वाढदिवस

आमच्या आईने एकदा अख्ख्या अमेरिकेला ओवाळलं होतं, सांगितलंय का तुम्हाला? शहात्तर साली आम्ही कलकत्त्याजवळ डमडमला होतो. वरच्या खोलीत टॉम नावाचा अमेरिकन विद्यार्थी राहायचा; आईला तो माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचा. जुलैत एक दिवस तो सकाळपासून तोंड पाडून बसलेला. आईने विचारलं, तर मोडक्या बंगालीत म्हणाला, "माशीमा, आज माझ्या देशाला दोनशे वर्षं झाली, आणि मी इथे एकटा."

"अरे, वाढदिवशी उपाशी बसतात का?" म्हणत आईने देशाच्या वतीने त्यालाच पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि आशीर्वाद दिला, "शतायुषी हो!"

बाबांना हसू आवरेना. "अगं, दोनशे आधीच झालीत त्याची!"

आई ताम्हन खाली ठेवत म्हणाली, "मग आणखी शंभर दिली. पुढचं त्याचं वागणं बघून ठरवू."