आईच्या खोलीचं छत

आमच्याकडचा दातांचा दवाखाना लाकडाच्या वखारवाल्यांच्या जुन्या घरात आहे. परवा तिथे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, सत्तरीतल्या.

"ताई, खरं सांग, कुठला दात दुखतोय?"

"एकही नाही."

"मग मला कशाला ओढून आणलंस? हे घर दादानं विकलं, विषय संपला."

"ती आतली खोली आईची ना?"

"हो. आजारपणात तिथेच पडून असायची."

"म्हणून आजोबांनी छतावर पक्षी रंगवून घेतले, सुनेला आभाळ दिसावं म्हणून. शेजारीण सांगत होती, अजून आहेत."

"मग डॉक्टरांना विचार आणि उभ्या उभ्या बघून ये."

"उभ्यानं नाही गं. आईच्या कुशीत पडून बघायचे मी. त्या खुर्चीत आडवं पडता येतं."

"आणि त्यांनी चांगला दात उपटला तर?"

"उपटू देत. अजून आहेत थोडे."

आतून हाक आली. ताई पदर सारखा करून उठल्या.

"ताई, सावकाश ये. आणि माझंही नाव दे."

"तुझी तर कवळी आहे!"

"सैल झालीय म्हणून सांग."