उजव्या बाजूचा आवाज

"हॅलो? … हॅलो, ताई? … हो, मीच. अगं ऐक ना, तू पाठवलेला तो टीव्हीला लावायचा गाण्यांचा डबा… नाही, नाही, फुटला नाही. नीट पोचला. पण वाजत नाहीये!"

धाकटीच्या एका पायात चप्पल होती, दुसरी दाराशी उलटी पडली होती. दोन वाजता तिला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. आतल्या खोलीत बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर त्यांनी स्वतः जोडलेला जुना ॲम्प्लिफायर, त्यांच्या भाषेत ॲम्प, आणि डावीकडे त्याचा एकुलता स्पीकर. थिएटरात साउंड ऑपरेटर म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे वायरींच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. आणि थोरलीशी तर दोन वर्षं बोलणंच बंद.

"हो, टीव्हीवर चित्र येतंय… वायफाय लागलं. गाणं दाबलं की पट्टीसुद्धा सरकते. पण ॲम्प हूं की चूं करत नाही… डब्याच्या मागे? थांब… एक चौकोनी भोक आहे, आत लाल उजेड. आणि बाबांच्या ॲम्पला लाल-पांढरी गोल… हो, हो, मधली ती डबी लावलीय, कन्व्हर्टर… तिला वेगळा चार्जर? अगं बाई! खोक्यातच राहिला. एक मिनिट… लावला. दिवा आला."

"उगाच हात लावू नकोस," बाबा म्हणाले, पण सरकून त्यांनी तिला जागा दिली.

"…नाही गं, नुसती खरखर… सेटिंग? साउंड… डिजिटल आउटपुट… 'ऑटो' आहे… काय करू? पी-सी-एम? … अच्छा, डबा पाच-सहा स्पीकरांचा आवाज पाठवतोय आणि डबीला दोघांचाच कळतो. केलं… ताई! ताई, ऐकू येतंय?"

डावीकडच्या स्पीकरमधून बासरी निघाली. मागोमाग तबला. बाबांची मान हलायला लागली आणि मध्येच थांबली.

"गाणारी कुठाय?" ते म्हणाले.

"अगं, बाबा विचारतायत, गाणारी कुठाय… हो ना, वाद्यं सगळी येतायत, बाईच गायब… जुन्या रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्याला वेगवेगळं? म्हणजे ती उजवीकडे…"

धाकटीने मान वळवली. उजवीकडे भिंत होती. दोन वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा ही खोली लहान म्हणून, बाबा बाहेर गेलेले पाहून ताईने उजवा स्पीकर भंगारात देऊन टाकला होता. रेडिओ ऐकायला उरलेला डावा पुरायचा. म्हणून बाबांनी भांडण काढलं नाही, फक्त तेव्हापासून ताईशी बोलणं सोडलं.

"ताई? … आहेस ना? … अगं, रडू नकोस. मला उशीर होतोय आणि तू… सेटिंगमध्ये दोन्ही एकत्र करता येतं? बाबा, दोन्ही आवाज एकातच—"

"भेसळ नको मला."

"नको म्हणतायत… काय? स्पीकर? कुठे मिळाला? … अगदी तसाच? लाकडी पेटीचा? … सहा महिने तुझ्या पलंगाखाली आहे, आणि आत्ता सांगतेस! … कसली भीती? … नाही. मी नाही सांगणार. दोन वर्षं मीच तुमची निरोप्या. तूच बोल. … नाही घेतला फोन तर नाही घेतला!"

तिने फोन बाबांच्या मांडीवर ठेवला आणि दुसरी चप्पल घालायला गेली. परतली तेव्हाही फोन तसाच होता, आतून बारीक आवाज येत होता. बाबा ॲम्पकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि फोन कानाला लावला.

"हं."

ऐकता ऐकता त्यांनी ॲम्पचा आवाज कमी केला.

"…ते राहू दे. किती ओहमचा आहे? … मागे लिहिलेलं असतं, बघ. … आठ? नीट वाच. चाराचा असला तर ॲम्प जळेल. … हं. आता समोरचा तो कागदी कोन बोटांनी दाब. कडेला, अलगद. … घासल्यासारखं वाजतं? … नाही ना? … मग चांगला आहे."

धाकटी दारात उभी राहिली. दोनला पंधरा मिनिटं कमी होती.

"…कुरिअर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एकदा आपटला की संपलं. … नाही. तूच घेऊन ये. … शनिवारी कशाला? उद्या काय झालंय? … बसमध्ये मांडीवर धर. मोठा असला तर शेजारच्या सीटवर ठेव, तिकीट काढ त्याचं. … हो, हो. … अगं, पुरे आता, रडतेस काय. … जेवायला इथेच. ठेव आता, धाकटीला उशीर होतोय."