मेव्हण्याचे पाच ‘का’

राव, कंपनीत क्वालिटीला असलेल्या माणसाला घरातलं काही दुरुस्त करायला बोलवू नका. माझ्या लॅपटॉपला वाय-फाय लागेना आणि वीस मिनिटांत साहेबांची मीटिंग. आम्ही कुरुळीत सासूबाईंच्या खालच्या मजल्यावर राहतो, वाय-फायही त्यांचंच. मेव्हण्याला हाक मारली, तर तो वही-पेन घेऊन आला.

“भावोजी, पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण घावतं. पहिला का, वाय-फाय का लागंना?”

“पासवर्ड चुकीचा दाखवतंय.”

“दुसरा का, चुकीचा का?”

“कुणीतरी बदलला असेल!”

त्यानं जिन्यातून ओरडून तिसरा विचारला, “आई, पासवर्ड का बदलला?”

“जावयबापूंनाच इचार, माझ्या पुरणपोळीला वातड का म्हणाले!”

“हा चौथा. बोला, का म्हणालात?”

“वातडच होती रे,” मी हळूच म्हणालो.

त्यानं वहीत लिहिलं, ‘मूळ कारण : भावोजींचं तोंड.’

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन खाली आल्या. “आधी ह्या चार पोळ्या खावा, मग पासवर्ड.”

चौथी पोळी तोंडात कोंबली, तेव्हा पासवर्ड मिळाला. मीटिंग लागली. साहेब म्हणाले, “अहो, तुमचा आवाज का येत नाही?”

मेव्हण्यानं पुन्हा वही उघडली. “पाचवा का आला, भावोजी!”