निळ्या ॲप्रनवालीचे हात

आई : कार्टून छान झालंय रे. मुलगी गोड, तिची ती सायकल गोड. फक्त ही मधली बाई कोण, ते नाही कळलं.

बाळ्या : कुठली बाई?

आई : ही काय, कमरेवर हात ठेवून ओरडतेय ती. शेजारीण आहे का?

बाळ्या : आई, ती तू आहेस!

आई : मी?

बाळ्या : म्हणजे मुलीची आई. मुलगी म्हणजे आपली ताई. बँकेची नोकरी सोडून कार्टून काढायला घराबाहेर पडते, तो दिवस. तिनेच लिहिलंय, तिनेच काढलंय.

आई : अस्सं. मी असं बोट नाचवते होय?

ताई : तसं नाही गं. कार्टूनमध्ये जरा वाढवून दाखवावं लागतं.

आई : बरं बरं. तुमचं तुम्हाला कळतं. बाळ्या, सांग तुझ्या ताईला, डबा आणलाय. गार व्हायच्या आत खा म्हणावं.

बाळ्या : ऐकलंस ना ताई? चल, दोन घास खाऊ आणि फाइल पाठवून मोकळे होऊ. तिकडे परदेशी चॅनेलच्या मॅडम वाट बघतायत.

ताई : थांब. तो सीन परत लाव.

बाळ्या : आता कशाला?

ताई : लाव ना. हां, इथे थांबव. हे हात बघ. आधी कमरेवर, मग बोट, मग दोन्ही हात हवेत, मग धाडकन दार. कुणाचे आहेत हे?

बाळ्या : कुणाचे म्हणजे काय?

ताई : निळ्या ॲप्रनवालीचे.

बाळ्या : अरे देवा. खारीची आई!

आई : कोण खारीची आई?

बाळ्या : अगं, ती परदेशी मालिका. खारींचं कुटुंब. इतकी वर्षं आपला स्टुडिओ त्यांचंच तर काम करत होता. गोष्ट त्यांची, नाव त्यांचं, आपण नुसतं पात्रांना हलवायचं. त्यातली ती आई, निळा ॲप्रन घालून. पोरांवर चिडली की हे असंच करायची. ताई तिला झोपेतही काढेल.

ताई : झोपेतच काढलीय. तोंड आपल्या आईचं आणि खाली त्या बाईचे हात. आणि एवढ्या माणसांत एकाच्याही लक्षात येऊ नये!

बाळ्या : मॅडमच्याही नाही आलं. उलट त्यांना हाच सीन सगळ्यात आवडला. बघताक्षणी कळतो म्हणाल्या.

ताई : कळणारच. त्यांचाच आहे तो.

बाळ्या : ताई, हात जोडतो. मंजूर झालेला सीन परत उघडायचा नसतो, हे मला तूच शिकवलंस. जन्मभर दुसऱ्यांची पात्रं रंगवली, आता कुठे आपलं नाव आधी येणार आहे. तिकडे सध्या आशियातलं सगळं हवंय. मालिका हव्यात, गाणी हवीत, गेम हवेत, कार्टून हवीत. दार उघडं आहे तोवर आत शिरू. हातांचं पुढच्या भागात बघू.

ताई : ते दार उघडलं कशामुळे, याचा विचार केलास कधी? तुझी लेक ती कुठली कोरियन मालिका बघते, खालची अक्षरं वाचत?

बाळ्या : नाव काढू नकोस तिचं. भाषेतलं अवाक्षर कळत नाही आणि बाईसाहेब उशी भिजवून ठेवतात.

ताई : परवा मी बसले होते तिच्याशेजारी. त्यात एक म्हातारा मुलाला स्टेशनवर सोडायला येतो. बोलत काहीच नाही. नुसती मुलाच्या बॅगेची चेन लावतो, उघडतो, पुन्हा लावतो. मी तिला विचारलं, तुला काय कळलं गं? म्हणाली, आत्या, त्याला मुलाला जाऊ द्यायचं नाहीये. आणि लागली रडायला. आता तूच सांग, त्या म्हाताऱ्याने गळ्यात पडून भाषण ठोकलं असतं तर रडली असती का?

बाळ्या : झोपली असती.

ताई : आणि आपण काय करतोय? आपल्याच आईला त्यांच्यातली करून त्यांनाच विकतोय. तशा त्यांच्याकडे पुष्कळ आहेत रे.

बाळ्या : आणि मॅडम नाही म्हणाल्या तर? खाली एवढी माणसं मान मोडून बसलीत, त्यांना काय सांगू? आमच्या आईचे हात चुकले, सबब तुम्ही घरी जा?

आई : बाळ्या, तिला सांग, माझ्यासाठी काही बदलू नका म्हणावं. माझं काय एवढं.

ताई : आई, मी इथेच आहे. तुझ्यापासून हातभर.

आई : मी कुठे काय म्हणतेय? बाळ्या, हे टेबल बघ किती घाण झालंय. तो कप उचल.

बाळ्या : आत्ताच तर पुसलंस ना?

आई : नीट नाही निघालं. त्या पेन्सिली पण उचल. सगळ्या.

ताई : बाळ्या, बघतोयस का?

बाळ्या : काय?

ताई : अरे, तिच्याकडे बघ! मी घरातून निघाले त्या दिवशी काय करत होती ही?

बाळ्या : फळीवरची सगळी भांडी खाली काढली होती. एकेक घेऊन पुसत बसली होती. आणि मी तुमच्या दोघींच्या मध्ये निरोप्या. “विचार तिला, जेवून जाणार आहे का?”

ताई : आणि मी उत्तरच दिलं नाही.

बाळ्या : दारसुद्धा आपटलं नाहीस. नुसतं ओढून घेतलंस. मला वाटत होतं, कुणीतरी एकदा ओरडा रे!

ताई : मला वाटलं, ती माझं तोंडही बघायला तयार नाही. एवढा राग आलाय.

आई : राग कसला आलाय.

ताई : नव्हता?

आई : भीती होती. चांगली बँक सोडून हे काय खूळ, ही राहील कुठे, खाईल काय. पण मी ओरडले असते तर तू थांबली असतीस. लहानपणापासून तशीच तू, माझा आवाज चढला की तू होतीस तिथेच बसायचीस. म्हणून नाही ओरडले. हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून भांडी काढली.

ताई : मग माझ्याशी बोलली का नाहीस?

आई : तुझ्याकडे बघून तोंड उघडलं असतं, तर “जाऊ नको” एवढंच आलं असतं. म्हणून याला मध्ये घातलं.

(आई पुसलेलं टेबल पुन्हा पुसते. मग बाळ्या फोन उचलतो.)

ताई : कुणाला लावतोयस?

बाळ्या : तू गप्प बस, नाहीतर माझा धीर सुटेल. हॅलो, मॅडम? हो, तयार आहे. पण आज नाही पाठवत. एक सीन पुन्हा करतोय… हो, तोच. माहितेय, तुम्हाला सगळ्यात आवडला होता… काय चुकलंय? त्यातली आई आमची नाहीये, मॅडम… नाही, ओरडणार नाही. भांडी पुसणार आहे… रागाने नाही हो. मुलीला जाता यावं म्हणून… नाही, मुलीशी एक शब्दही बोलणार नाही… हॅलो? ऐकू येतंय ना?… बरं. शुक्रवार. बरं, ठेवतो.

ताई : काय म्हणाल्या?

बाळ्या : म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पाठवा, बघते. नाही पटलं तर जुना सीन जाईल. आणि शुक्रवार चुकला, तर आपली जागा दुसऱ्या कुणाला.

ताई : म्हणजे नकार नाही.

बाळ्या : होकारही नाही, ताई.

ताई : मला एवढं पुरे. खालच्या सगळ्यांना वर बोलाव. सांग त्यांना, त्या निळ्या बाईला आजपासून सुट्टी. आई, तू इकडे ये, कॅमेऱ्यासमोर बस. हे कप घे, हे डबे घे. त्या दिवशी पुसत होतीस तसं पूस.

आई : मी? या कपड्यांत?

ताई : याच. मला तुझे हात हवेत.

आई : बोटं बघ कशी वाकडी झालीत आता.

ताई : तशीच काढीन.

आई : बाळ्या, तू इथे मध्ये उभा राहा. होतास तसा. पोट आत घे.

बाळ्या : आई, इथे मला साहेब म्हणतात.

आई : साहेब, पोट आत घ्या. हं. आता विचार तिला, जेवून जाणार आहे का?

बाळ्या : ताई, आई विचारतेय…

ताई : ऐकलं मी. सांग तिला, वाढ म्हणावं.