दगडाला फुलं येतात

आमची वाडी रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कडंला. शाळेत मी दोनदा गेलो ताई, एकदा नाव घालायला न एकदा सुकडी खायला, म्हणून माझं सगळं शिक्षण पाण्याखाली झालं, न तिथं पण मी नापासच. काय सांगू तुम्हाला, आमचं काम डुबीचं. खाडीत होडी उभी करायची, बांबूला धरून बादली घेऊन तळाला जायचं, दम कोंडून वाळू भरायची न वर यायचं, दिवसभर तेच. तेव्हा छाती होती हो, आता ही बरगड्यांची शिडी राहिली.

बायको गडब गावची, सखू. शेतावरची पोरगी, पाण्याला घाबरायची. कडंला बसून रडायची, बोलायची, सोडा हे काम, एक दिवस वर येणार नाय तुमी. मग मी थाप मारली. बोललो, अगो भितेस काय, खाली जत्रा हाय, पिवळे मासे, निळे मासे, दगडाला फुलं येतात, मी बघत राहतो म्हणून उशीर होतो. खरं सांगू? खाली काळोख. गढूळ पाण्यात आपला हात आपल्याला दिसत नाय. एकदा मी मासा म्हणून माझंच पाऊल धरलं, मोठा घावला म्हणून बोंबललो न अर्धी खाडी प्यालो. पण सखूचं रडणं थांबलं, न तिनं वाडीभर सांगितलं, आमच्या ह्यांना खाली फुलं दिसतात. तीस वर्षं ती थाप मी सांभाळली, दर साली एकेक मासा वाढवला.

मग डुबी बंद झाली. गेल्या साली लेकीनं मालवणला बोलावलं. जावई तिथं बोटीवर हाय, पाहुण्यांना समुद्रात बुडवून मासे दाखवतात, स्कूबा का काय ते. सखू बोलली, चला, आता मला पण बघायची तुमची जत्रा. समुद्राचा तळ मी कुठं बघितलाय? तिथं पण चिखलच निघाला तर माझी लबाडी उघडी, ह्या वयात बायकोला तोंड कसं दाखवू?

सखूच्या तोंडात नळी, डोळ्यांवर काच, साडीवर जाकीट. जावयानं हात धरून तिला पालथी तरंगत ठेवली. मला पाठीवर टाकी न बरोबर एक गडी. जावई बोलला, बाबा, श्वास घेत राहा, कोंडू नका. मी बोललो, जावईबापू, मला शिकवता? न खाली गेल्या गेल्या सवयीनं दम कोंडला. पाठीवर हवेची टाकी न मी गाल फुगवलेला बेडूक! तो गडी ढोसून खुणावतोय, श्वास घ्या, श्वास घ्या, मी हातानं सांगतोय, अजून दम हाय. शेवटी त्यानं मांजराच्या पिल्लागत मानगूट धरून वर आणलं. तळ काय, मला माशाचं शेपूट पण दिसलं नाय.

टॉवेल गुंडाळून बोटीवर बसलो. सखू पालथीच. हाका मारल्या, वर बघंना. मी धसकलो, आता विचारणार, कुठं हायत फुलं? शेवटी आली, काच काढली, डोळे लाल. बोलली, अवो, पिवळ्या माशाला काळ्या पट्ट्या असतात, त्या नाय सांगितल्या तुमी. मी बोललो, विसरलो गो.

किनाऱ्याला आलो न राहवलं नाय. बोललो, सखू, आपल्या खाडीत यातलं कायबी नव्हतं, नुसता काळोख. ती पदर पिळत होती, पिळतच राहिली. बोलली, ठाऊक हाय. रोज सांजला तुमच्या डोळ्यांतला चिखल कोण धुवत व्हतं? मी बोललो, मग वाडीभर कशाला सांगितलंस? बोलली, काळोखात एकटे जाता, मला वाटायचं, निदान मनात तरी ही फुलं बघत जावा.

आता मी रोह्याजवळ वरसे गावाला नव्या बिल्डिंगीवर पाइपानं पाणी मारतो, कोरडा माणूस झालो. खाडी आठवते, तो काळोख पण आठवतो. सांजला बाया जमतात न सखू त्यांना समुद्र सांगते. परवा तर तिनं एक कासव घुसवलं, कुणीच बघितलं नव्हतं ते, न माझ्याकडं वळून बोलली, व्हय ना वो? मी बोललो, व्हय, केवढं मोठं! देव तिला अशीच बोलती ठेवो, मी हाय मान हलवायला.