गच्चीवरचा पाऊस

कुर्डुवाडीच्या एसटीत इंद्रायणीबाईंच्या मागच्या सीटवर मायलेकांची कुजबुज चालली होती.

"आये, पोलीस ठाण्यात तू बोलू नगंस. तक्रार मी सांगतो."

"पर भीमा, अमृत तुझा सख्खा चुलतभाऊ हाय."

"म्हणूनच की! गच्चीला गच्ची लागून. आपण वर पाऊस मोजायचं यंत्र बसवलं. पाऊस झाला की रानातलं तुषार सिंचन आपोआप बंद. आता बाहेर कडक ऊन, आन मोबाईल रोज सकाळी सांगतोय, पाऊस झाला! शेंगा वाळून चालल्या."

"मग?"

"मग काय, त्योच भिंतीवरनं येऊन यंत्रात पाणी वततोय. आपलं पीक बघवंना त्याला."

"असंल बाबा. परवा माज्याकडं बघून उगंच हसला बी."

"बघ की!"

"आन आणखी एक सांग फौजदाराला. त्या यंत्राच्या वाटीत मी रोज सकाळी चिमण्यांसाठी तांब्याभर पाणी वततीया. वळून बघतीया तर वाटी कोरडी! त्ये बी त्योच पळवतोय."

इंद्रायणीबाईंनी कान टवकारले. मागे भीमा ताडकन उठून उभा राहिला.

"कंडक्टर, गाडी हितंच थांबवा."

"आरं, ठाणं लांब हाय की अजून!"

"उतर, आये."