चारशे अकरा मिलिमीटर

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, एवढा घट्ट का विणलात?' घट्ट? अहो, घट्ट कसला, बरोब्बर मापाचा आहे! तुमचं बाळ वाढलं त्याला मी काय करू? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं लेथ मशीनवर काढली मी. लोखंडाचा तुकडा कसा, रात्री मापून ठेवला की सकाळी तेवढाच! पण बाळ... बाळ काही थांबत नाही हो!

रिटायर झालो आणि घरात नुसत्या येरझाऱ्या घालायला लागलो, तेव्हा बायकोनेच वैतागून हातात सुया दिल्या, 'हे घ्या, आणि एका जागी बसा!' बसलो. आणि जमलं की! बिल्डिंगमध्ये कुणी बाळंत झाली की काकांचा स्वेटर ठरलेला. आणि तो बाळाला लहान झाला, हेही ठरलेलं.

ते एक वेळ चाललं. पण माझ्या लेकीला मुलगी झाली, पहिली नात! राहते तिकडे लांब. म्हटलं, बाकी काही नको, पोरीने आजोबांच्या हातचं एकदा, फक्त एकदा अंगात घालावं. लावला व्हिडिओ कॉल. 'छातीचा घेर सांग.' 'असेल बाबा, सोळा इंच.' असेल? असेल म्हणजे काय? मिलिमीटरमध्ये सांग! लेकीने कपाळाला हात लावला, पण घेतली बिचारीने टेप, तर पोरगी वळवळतेय, टेप तोंडात घालतेय, शेवटी मिळाला एकदाचा आकडा, चारशे अकरा! मग काय, चारशे अकरा म्हणजे चारशे अकरा! एक बाही तीन मिलिमीटर जास्त झाली, सोडतोय होय? उसवली! पुन्हा विणली! महिना त्यात गेला, दहा दिवस पार्सल पोचायला, आणि लेकीचा फोन, 'बाबा, डोकंच जात नाहीये.'

बाळ काही थांबत नाही हो!

दुसरा विणला, तेच. तिसरा, तेच! बायको म्हणते, 'अहो, चार बोटं मोठा विणा ना, येईल ती मापात!' मोठा? म्हणजे जाणूनबुजून चुकीचा? मी? असा राग आला, तुम्हाला सांगतो, की रागाच्या भरात टाके आणखीच घट्ट पडले...

गेल्या आठवड्यात लेक आली. बॅगेतून तिन्ही स्वेटर काढले, 'बाबा, खालच्या नर्सबाईंना बाळ झालंय ना, त्यांना देऊन टाका.' दिले. काय करणार? तर त्या बाळाला पहिलाच स्वेटर असा बसला, असा बसला, की नर्सबाई म्हणतात, 'काका, काय माप आहे हो तुमचं!' अहो बाई, तुमच्या बाळाला मी आयुष्यात टेप लावलेली नाही! आणि माझी नात? दुकानातल्या ढगळ स्वेटरमध्ये, बाह्या दुमडून, माझ्या मांडीवर बसून माझंच बोट चोखतेय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी आलं. बायकोला म्हटलं, लोकर गेली डोळ्यात.

तिथेच ठरवलं, आता हिच्या मागे पळायचं नाही, पुढे जाऊन उभं राहायचं. सात महिन्यांची आहे ती, आणि मी विणायला घेतलाय शाळेचा स्वेटर, सहा वर्षांच्या मापाचा! लेकीच्या घराजवळच्या शाळेत स्वतः फोन केला, रंग विचारला. गडद निळा, गळ्याला पांढरी पट्टी. तिथल्या बाई विचारतात, 'मुलगी कितवीत आहे?' म्हटलं, 'अजून बसायला शिकतेय.' त्यांनी फोनच ठेवला!

ठेवू दे. बाळ थांबत नाही ना? नको थांबू दे! आता फक्त त्या शाळेने सहा वर्षं गणवेशाचा रंग बदलला नाही, म्हणजे मिळवली...